दहा मिनिटांची सावली

पौर्णिमा रामटेके डांबराच्या रस्त्यावर कोसळली तेव्हा दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. हवेचं तापमान सत्तेचाळीस होतं आणि तिच्या अंगात 'सावली' जाकीट होतं. जाकीट गार लागत होतं. तिला रस्त्याच्या कामावर ठेवणाऱ्या ठेकेदाराच्या अहवालात हे वाक्य तीन वेळा आलं होतं. जाकीट गार होतं, म्हणून उष्माघात नाही. उष्माघात नाही, म्हणून कुणाची चूक नाही. बाईला आधीपासूनच काहीतरी आजार असावा.

कुंदा वैरागडे यांनी तो अहवाल शाळेच्या व्हरांड्यात उभ्यानंच वाचला. आसोलापेठच्या त्या शाळेत त्या अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. पौर्णिमाची मुलगी त्रिशा त्यांच्याच आठवीच्या वर्गात होती. अहवालाची प्रत तीच दप्तरातून घेऊन आली होती.

"मॅडम, आईला कोणता आजार होता म्हणते यात?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग होता हे कसं कळलं त्यांना?"

कुंदाताईंनी अहवालाचं शेवटचं पान पुन्हा उलटून पाहिलं. पौर्णिमा वाचली होती. पण तापलेल्या रक्तानं मेंदूच्या मागच्या भागाला, तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा केली होती. बत्तीस वर्षांची धडधाकट बाई आता भिंत धरून चालत होती, आणि एकेक शब्द तोंडात गोळा करून बाहेर काढत होती.

त्यात त्या जाकिटाचा जन्म कुंदाताईंच्याच वर्गात झाला होता.

सोळा वर्षांपूर्वी सातवीत वेदांत बोरकुटे नावाचा मुलगा होता. एका सकाळी तो धावत वर्गात आला. वडील कपाशीला फवारायला ड्रममध्ये युरिया कालवत होते आणि ड्रम बाहेरून बर्फासारखा गार झाला होता, वरून पाण्याचे थेंब धरले होते. "मॅडम, त्यात बर्फ नव्हता. मग गारवा आला कुठून?"

कुंदाताईंनी पुस्तक मिटलं. दोन काचेचे पेले घेतले. एकात कळीचा चुना टाकला आणि वर पाणी ओतलं. पाणी खदखदलं, पेला हातात धरवेना. दुसऱ्यात युरिया टाकून ढवळला. तो पेला मुलांनी गालाला लावून पाहिला. "काही बदल घडताना उष्णता बाहेर पडते. त्यांना उष्मादायी म्हणायचं. काही बदल घडायला उष्णता लागते आणि ती ते आजूबाजूनं ओढून घेतात. ते उष्माग्राही. गारवा कुठून येत नसतो रे. उष्णता जाते, त्याला आपण गारवा म्हणतो."

त्या वर्षी चार मुलं शाळेतून घरी जाताना उन्हात भोवळ येऊन पडली होती. वर्गानं तेच काम हाती घेतलं. सलाइनच्या रिकाम्या पिशव्या दवाखान्यातून मागून आणल्या. एका कप्प्यात पाणी, दुसऱ्यात युरिया; मध्ये पातळ पडदा, मुठीनं दाबला की फुटणारा. पहिलं जाकीट गळलं. दुसरं पाठीला टोचलं. तिसऱ्यात गारवा सगळा पोटाशी जमा झाला. पाचवं जमलं. वापरलेलं पाणी ताटात ओतून उन्हात ठेवलं की संध्याकाळी युरियाचे खडे परत मिळायचे. ज्या उन्हाचा त्रास, तेच ऊन जाकीट पुन्हा भरून द्यायचं. मुलांनी नाव ठेवलं 'सावली'. आणि वहीत, चाचण्यांच्या तक्त्याखाली, वेदांतनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: चालणाऱ्या माणसाला वीस मिनिटं पुरते. नंतर झाडाखाली थांबणे.

वेदांत पुढे इंजिनिअर झाला. नागपूरच्या एका कंपनीत त्यानं 'सावली' नव्यानं घडवली. पातळ, शिवणीतून न फाटणारी, कुणाच्याही मापाची. उद्घाटनाला त्यानं कुंदाताईंना मंचावर बोलावलं आणि सगळ्यांसमोर पाया पडला. शाळेला कंपनीनं नवी प्रयोगशाळा बांधून दिली. जाकिटाच्या खोक्यावर कुंदाताईंचा फोटो छापला गेला, आणि त्यांनी तो आनंदानं छापू दिला.

त्या काळात दर उन्हाळ्यात माणसं मरत होती. म्हणून कायदा झाला होता: पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बारा ते चार उघड्यावरचं काम बंद. लोक त्याला 'दुपारबंदी' म्हणत. जाकीट आल्यावर दोन उन्हाळ्यांत एक परिपत्रक निघालं. ज्या कामगारांना प्रमाणित शीतजाकीट दिलं आहे, त्यांना दुपारबंदी लागू नाही. दर तासाला पिशवी बदलावी. कुंदाताईंनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली होती. बरं झालं, लोकांची हजेरी बुडणार नाही, असंच तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं. आता ते आठवून त्यांना स्वतःचीच चीड येत होती.

"त्रिशा, आईचं जाकीट कुठं आहे?"

"घरीच आहे. दवाखान्यातून कपड्यांसोबत दिलं. दोन पिशव्यापण आहेत नव्या."

"उद्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी फळ्यावर हिशेब मांडला. "पिशवीत एक किलो दोनशे ग्रॅम युरिया. एक ग्रॅम विरघळताना साधारण अडीचशे ज्यूल उष्णता ओढतो. एकूण?"

"तीन लाख," मागच्या बाकावरून आवाज आला.

"उन्हात फावडं मारणाऱ्या माणसाच्या अंगात, स्वतःच्या मेहनतीची आणि वरच्या उन्हाची मिळून, दर सेकंदाला पाचशे ज्यूल उष्णता साठत जाते. तीन लाखाला पाचशेनं भागा."

"सहाशे सेकंद."

त्रिशानं सगळ्यांच्या आधी पुढचं उत्तर दिलं. "दहा मिनिटं, मॅडम."

परिपत्रकाप्रमाणे पिशवी तासानं बदलायची होती.

मग तेलाच्या रिकाम्या डब्यात वीस लिटर कोमट पाणी भरलं, सदतीस अंशांचं, माणसाच्या अंगाएवढं. पाण्यात पाणी तापवायचा पाचशे वॅटचा छोटा विजेचा गज सोडला. डब्याला पौर्णिमाचं जाकीट घातलं, पिशवी फोडली. मुलं दर मिनिटाला थर्मामीटर वाचत होती. दहा मिनिटं पारा जेमतेम हलला. अकराव्या मिनिटापासून तो चढू लागला आणि मग थांबला नाही. पंचवीस मिनिटांनी पाणी बेचाळीसच्या वर गेलं होतं.

कुंदाताईंनी जाकीट काढलं, थोडा वेळ बाजूला ठेवलं आणि संपलेल्या पिशवीसकट त्रिशाच्या उघड्या दंडाला गुंडाळलं. आत थर्मामीटर सरकवला.

"कसं लागतंय?"

"गार." त्रिशा गोंधळली. "चांगलंच गार लागते, मॅडम."

थर्मामीटर अडतीस दाखवत होता.

एका मुलानं अस्तर नाकाशी नेलं. "मॅडम, याला बामचा वास येते. डोकं दुखलं की आजी लावते ना, तसा."

कुंदाताईंनी अस्तर हुंगलं. मेंथॉल. पुदिन्याचं सत्त्व. कातडीत गारवा ओळखणाऱ्या नसा असतात. थंडीनं त्या जाग्या होतात, तशाच मेंथॉलनंही होतात. एक ज्यूलही उष्णता न हलवता मेंथॉल कातडीकडून मेंदूला निरोप पाठवतं: सगळं गार आहे. आणि कातडीला गार वाटलं की शरीर घाम कमी करतं. म्हणजे दहा मिनिटं युरिया काम करत होता आणि उरलेली पन्नास मिनिटं अस्तर खोटं बोलत होतं. माणूस आतून शिजत होता आणि त्याला ते कळू नये, अशी सोय कुणीतरी विचारपूर्वक शिवून ठेवली होती.

मुलांनी मिनिटामिनिटाचे आकडे मांडलेला तक्ता त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला.

शनिवारी त्या पहिल्या बसनं नागपूरला गेल्या. वेदांतनं केबिनच्या दाराशीच वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. तक्त्याचा कागद टेबलावर ठेवला.

त्यानं तो वाचला. लगेच कळलं त्याला. तो हुशारच होता.

"मॅडम, मेंथॉल हा फक्त आरामासाठीचा थर आहे. लोक तक्रार करत होते की गारवा लवकर जातो."

"जात होता. मग थांबायचं होतं त्यांनी. तूच लिहिलं होतंस वहीत."

"सातवीतली वही आहे ती, मॅडम!"

"हो. आणि तुझ्या प्रमाणपत्रापेक्षा ती खरी आहे. काय चाचणी केलीत तुम्ही?"

"साठ जणांना तासभर जाकीट घालून..."

"कुठं? उन्हात?"

"चाचणीच्या खोलीत. चालायच्या पट्ट्यावर."

"आणि मोजलंत काय?"

तो खाली बघू लागला. "दर दहा मिनिटांनी विचारलं, कसं वाटतंय. चौऱ्याण्णव टक्के लोकांना शेवटपर्यंत गार वाटलं."

"वाटलं." कुंदाताईंचा आवाज इतका चढला की काचेपलीकडची माणसं वळून बघू लागली. "वेदांत, माणसाच्या आतला ताप एकदाही मोजला नाहीस तू? साठ जणांपैकी एकाचाही नाही? वाटण्यावर सही केलीस, आणि त्या सहीवर परिपत्रक निघालं!"

"परिपत्रक मी काढलेलं नाही. आणि दुपारबंदीत लोकांची मजुरी जात होती, मॅडम. तेच मागायला आले होते, काम द्या म्हणून."

"ते काम मागायला आले. फसवा म्हणून नाही आले."

त्यानं उठून केबिनचं दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सरकारी चौकशी लागली आहे. तुम्ही हे तिथं मांडलंत तर जाकीटच बंद पडेल. रहदारीचे पोलीस, पोस्टमन, शाळेची मुलं, कितीतरी जणांना त्याचा खरा उपयोग होतो. शिवाय खोक्यावर तुमचा फोटो आहे. शाळेची प्रयोगशाळा आहे. तुमचंही नाव यात येईल."

"येऊ दे. यायलाच पाहिजे." त्या उठल्या. "तुझ्याएवढीच मीही दोषी आहे. मी फोटो दिला आणि विचारलं नाही. पण मला कळल्यावर मी बसून राहिले नाही. तुला कधी कळलं?"

वेदांतनं तक्त्याचा कागद उलटा करून ठेवला. त्याला आधीच कळलं होतं, हे त्यांना समजलं.

चौकशीसाठी डॉ. अलोणे नावाचे एक वयस्कर डॉक्टर आले. पौर्णिमाला कार्यालयात येणं शक्य नव्हतं म्हणून जबाब तिच्या घरीच घ्यायचं ठरलं. कंपनीच्या वतीनं वेदांत आला. त्रिशानं सांगितल्यामुळे कुंदाताईही आल्या. मुख्याध्यापकांनी त्यांना आदल्या दिवशी सुनावलं होतं, प्रयोगशाळेचा तरी विचार करा. त्यांनी तो केला होता, आणि नव्या प्रयोगशाळेची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आल्या होत्या.

दोन खोल्यांचं घर. पौर्णिमा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, "पडायच्या आधी काय होत होतं तुम्हाला?"

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज मागून आला. त्रिशा शब्द सांगायला पुढे झाली, पण पौर्णिमानं मान हलवून तिला थांबवलं. तिला स्वतःच बोलायचं होतं.

"मले... गार... वाटून... राहिलं... होतं."

एवढ्या वाक्याला मिनिटभर लागलं. डॉक्टर लिहीत होते. वेदांत जमिनीकडे बघत होता. "चंदा... म्हणे... बस जराशी. मी म्हटलं... गार आहे ना. कायले... बसू."

जबाब संपला असं वाटून डॉक्टरांनी कागद आवरायला घेतले. तेव्हा पौर्णिमानं वेदांतकडे बोट केलं. बोट हवेत डुलत होतं, नेमकं त्याच्यावर ठरत नव्हतं.

"तुमी... घालून... पायलं?"

"हो ताई. आमच्या लॅबमध्ये बऱ्याचदा..."

"उनात?"



कुंदाताईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. "डॉक्टरसाहेब, रस्त्याचं काम इथून दीड किलोमीटरवर चालू आहे. पौर्णिमाच्याच टोळीचं. वेदांत, उठ. चल."

डॉ. अलोणे यांनी आवरायला घेतलेले कागद पुन्हा उघडले. मग म्हणाले, "मी सोबत असेन तर हरकत नाही. ताप मोजायची साधनं गाडीत आहेत. मी थांब म्हटलं की थांबायचं, ही अट." वेदांत नाही म्हणू शकला असता. पौर्णिमाचं बोट अजून खाली आलं नव्हतं.

रस्त्यावर पारा सेहेचाळीस होता, आणि खाली पसरलेल्या डांबराची धग वेगळी. पौर्णिमाला बस म्हणणारी चंदाबाई आणि आणखी आठ जण जाकिटं घालून खडी-डांबर ओढत होते. ठेकेदाराचा मुकादम धावत आला. डॉक्टरांनी त्याला ओळखपत्र दाखवलं. वेदांतच्या कानात बारीक सेन्सर बसवून वर कापूस लावला. त्यानं जाकीट चढवलं, पिशवी फोडली. चंदाबाईनं आपलं दाताळं त्याच्या हातात दिलं. "ओढा साहेब. असं, ढोपरातून."

सुरुवातीला ताप सदतीस. दहा मिनिटांनी सदतीस पूर्णांक एक. वेदांत हसला. "गार आहे, मॅडम." वीस मिनिटांनी सदतीस पूर्णांक सात. तिसाव्या मिनिटाला अडतीस पूर्णांक दोन. डॉक्टर आकडे मोठ्यानं वाचत होते. टोळीतल्या माणसांचे हात हळूहळू थांबू लागले.

"कसं वाटतंय?" कुंदाताईंनी विचारलं.

"गार." त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता.

चाळिसावं मिनिट. अडतीस पूर्णांक सात.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे. गारच आहे." तो दाताळं ओढत राहिला, पण दाताळं आता सरळ जात नव्हतं. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला डॉक्टर म्हणाले, "एकोणचाळीस पूर्णांक एक. बास. थांबा."

"अजून... मी ठीक..." तो म्हणाला आणि शब्द जिभेवर घसरला. दाताळं हातातून पडलं. कुंदाताईंनी त्याच्या अंगातलं जाकीट ओरबाडून काढलं. चंदाबाई आणि दुसऱ्या एकीनं त्याला बखोटीला धरून टँकरच्या सावलीत नेलं, प्यायच्या पाण्याचा कॅन त्याच्या डोक्यावर रिकामा केला. डॉक्टरांनी ओली चादर पांघरली, वारा घातला. दहा मिनिटांनी त्याची नजर ठिकाणावर आली.

"मॅडम," तो म्हणाला, "मला काहीच कळलं नाही."

"हे लिही," कुंदाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया नव्हती. "डॉक्टरांच्या कागदावर, तुझ्या हातानं. आकडे लिही, तुला काय वाटत होतं ते लिही, आणि मेंथॉल कुणी घालायला सांगितलं तेही लिही."

त्यानं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, तरी लिहिलं. मेंथॉलच्या ओळीपुढे पेन बराच वेळ अडलं, मग त्यानं स्वतःचं नाव घातलं.

मागे चंदाबाईनं आपलं जाकीट काढून रस्त्याच्या कडेला फेकलं. मग दुसरीनं. मुकादम ओरडला, "ए, कोणी सांगितलं काढायला? माल थंडा होऊन राहिला तिकडे!"

"होऊ दे थंडा," चंदाबाई म्हणाली. "मालच तेवढा थंडा होते इथं." आणि ती टँकरच्या सावलीत जाऊन बसली.

परिपत्रक मागे घ्यायला त्यानंतर अकरा दिवस लागले. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, तज्ज्ञांचं मत मागवलं गेलं, सुट्ट्या आल्या. त्या अकरा दिवसांत दुसऱ्या दोन तालुक्यांत जाकीट घातलेली दोन माणसं कामावर मेली. जाकिटं गार लागत होती.

बाराव्या दिवशी सकाळी वेदांतचा फोन आला. कंपनीनं त्याला काढलं होतं, की त्यानं सोडली होती, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुंदाताईंनी विचारलं नाही.

"मॅडम, परिपत्रक रद्द झालं."

"वाचलं मी. मधल्या दिवसांत दोघं गेले, हे वाचलंस?"

"हो." मग त्यानं दोघांची नावं सांगितली, गावं सांगितली, वयं सांगितली. एक चोवीस वर्षांचा होता. "दोघांच्या घरी जाऊन आलो. एका घरी दार उघडलं नाही."

कुंदाताईंच्या छातीत राग होता तसाच होता. नावं ऐकून तो तसूभरही हलला नव्हता.

"मी येऊ का भेटायला?" त्यानं विचारलं.

"माझ्याकडे नको येऊ. पौर्णिमाला दर सोमवारी चालायच्या व्यायामासाठी तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागतं. त्रिशाची शाळा बुडते. तुझ्याकडे गाडी आहे. ऊन चढायच्या आत, सातला ये."

सोमवारी कुंदाताई पावणेसातलाच पौर्णिमाच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. सातला पाच कमी असताना गाडी आली. वेदांतनं मागचं दार उघडून ठेवलं आणि उंबऱ्यापाशी येऊन हात पुढे केला.

पौर्णिमानं त्या हाताकडे पाहिलं. मग भिंत धरली. भिंत संपल्यावर कुंपणाचा बांबू धरला. बांबू संपल्यावर त्रिशाचा खांदा. गाडीपर्यंत अठरा पावलं होती आणि प्रत्येक पावलाला ती थांबत होती. वेदांत हात तसाच पुढे धरून तिच्या बाजूनं चालत राहिला. तिनं तो एकदाही घेतला नाही, आणि कुंदाताईंनी तिला घे म्हटलं नाही.